पंखात कोपरापर्यंत हात

३ फेब्रुवारी

सुनेने ही डायरी दिली. दातांच्या डॉक्टरांनी नवीन वर्षाची म्हणून वाटलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसणारी दाढ छापलीय. सून म्हणाली, आई, मनात येईल ते यात लिहीत जा. म्हणजे तोंडाने बोलू नका. चौथीपर्यंतच शाळेत गेले, पण एवढं समजायला चौथी पुरते.

तर लिहिते. आमच्या चिरंजीवांनी विमानं दुरुस्त करायच्या मोठ्या वर्कशॉपमधली पक्की नोकरी सोडली आणि छोट्या विमानांच्या मैदानाच्या पार टोकाला ही पत्र्याची शेड घेतली. शेडच्या पाठीला दोन खोल्या चिकटलेल्या आहेत, त्यात आम्ही तिघं. नात शिकायला परगावी आहे, सुटली. शेड घेतल्यापासून आत फक्त झाडू फिरत होता. आज पहिलं विमान आलं. तेही दातांच्या डॉक्टरांचंच. त्यात दोन माणसं बसतात, पैकी डॉक्टर जरा जास्तच बसतात.

डाव्या पंखाखाली निळा डाग आहे. पेट्रोल गळतंय. यांच्या पेट्रोलला निळा रंग घालतात, म्हणजे गळलं तर कळावं. मला वाटलं होतं, टाकी म्हणजे पंखात ठेवलेला डबा असेल. तसं नाही. पंखच टाकी. पंख पोकळ, आतले सांधे खिडकीच्या काचेला लावतात तसली लांबी भरून बंद केलेले, आणि त्यात पेट्रोल. म्हणजे ही माणसं पेट्रोलच्या भांड्यांना लटकून आभाळात जातात, आणि खाली आल्यावर मला सांगतात, आजी, पायरी सांभाळून उतरा.

डॉक्टर जाताना म्हणाले, मेस्त्री, विमानाच्या क्लबातले सगळे बघतायत तुम्ही कसं काम करता ते. चिरंजीवांनी मान हलवली. चहा तसाच निवला.

६ फेब्रुवारी

पेट्रोल काढून घेतलं. पंखाच्या पोटाचं झाकण उघडून आत वारा सोडलाय. शेडमध्ये फोन न्यायचा नाही, लोकरीचं काही घालायचं नाही, ठिणगी पडते म्हणे. विमानाला तार लावून ती जमिनीत सोडली आहे. माझी शाल काढून घेतली. थंडीने मेले तर चालेल, ठिणगीने नको.

चिरंजीव दिवसभर पाठीवर पडून बॅटरीने आत बघत होते. मी म्हटलं, डाग समोर दिसतोय की, तिथेच भर लांबी. तर म्हणे, डाग जिथे दिसतो तिथे गळती नसते. आत कुठेतरी सुटतं, सांध्यासांध्याने चालत येतं आणि वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. हे मला लगेच पटलं. मी स्वयंपाकघरात बोलते ते सुनेच्या माहेरी निघतं.

८ फेब्रुवारी

जागा सापडली. पण हात पोचत नाही. झाकणाच्या भोकातून हात जातो, मग आत एक पडदी आहे, तिला आणखी लहान भोक, आणि त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात सांध्याची जुनी लांबी तडकलीय. चिरंजीवांचा हात पडदीपाशी अडकतो. मोठ्या वर्कशॉपमध्ये वरचा पत्राच उघडतात, पण तेवढं सामान इथे नाही. सुनेने हात घालून पाहिला. सुनेच्या हाताला मी नावं ठेवत नाही, खाऊन पिऊन सुखी घरची आहे.

मग दोघंही माझ्या हाताकडे बघायला लागले. मी भाजी निवडत होते. म्हटलं, बघता काय, बोला.

माझा हात गेला. कोपराच्या वरपर्यंत गेला. चिरंजीव पंखाखाली आडवे पडून विचारत होते, आई, काय लागतंय? मी सांगितलं, तुझी नोकरी सोडायची अक्कल.

९ फेब्रुवारी

दिवसभर पंखाखाली पाटावर बसून जुनी लांबी खरवडली. लोखंड चालत नाही, ओरखडा उठतो. लाकडाची पट्टी दिलीय, माझ्या उलथण्यापेक्षा लहान. चिरंजीव छोटा आरसा धरून सांगतात, वर, अजून वर, आता डावीकडे. मी करते. जन्मभर मी त्याला सांगितलं, आता तो मला सांगतोय. भोकाची कड फार वाईट आहे. हात काढताना कोपराची साल निघाली. रक्त बघून चिरंजीवांचा चेहरा पडला. म्हणाला, राहू दे आई, मी बघतो दुसरं काहीतरी. दुसरं काही असतं तर मला पाटावर बसवलं असतं का?

उद्या शेवटचं पुसणं आणि नवी लांबी.

१० फेब्रुवारी

आज हात एकदाही अडकला नाही. त्याला कारण आहे. घट्ट बांगडी चढवायची तर काय करतात? तेच केलं. सकाळी न्हाणीघरात सुनेची बदामाच्या तेलाची बाटली होती, केसांना लावते ती, लहानशी, जपून वापरते. बोटांपासून दंडापर्यंत छान चोळून घेतलं. मग हातमोजा चढवला. तोही सर्रकन चढला. हात पडदीतून असा गेला की चिरंजीव म्हणाला, आज कमाल आहे आई. मी म्हटलं, सवय झाली.

त्याने थिनरचं फडकं दिलं, मी आत सगळं पुसलं. मग त्याने तराजूवर तोलून दोन डब्यांतलं एकत्र कालवलं. सीलंट म्हणतो तो, मी लांबी म्हणते. नासक्या अंड्याचा वास येतो. बोटाने सांध्यावर लावून कडा गुळगुळीत करायच्या. ते मला चांगलं जमतं. आरशात बघून तो म्हणाला, मशीनने केल्यासारखं झालंय. तो असं सहसा म्हणत नाही. लहानपणी वाढदिवसाला सुद्धा एवढं बोलला नव्हता.

बाटली जागच्या जागी ठेवली. तेल जरा उतरलंय. सुनेला कळायचं कारण नाही.

१४ फेब्रुवारी

लांबी सुकली. आज टाकीत हळूच हवा भरून बाहेरून साबणाचा फेस लावला. गळत असेल तर बुडबुडे येतात. एकही आला नाही. चिरंजीवांनी फेस पुसता पुसता शीळ घातली. त्याने नोकरी सोडल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती.

दुपारी मोठ्या वर्कशॉपच्या फोरमनचा फोन आला. तुझी जागा अजून रिकामी ठेवलीय, कधी परत येतोस म्हणून. चिरंजीव म्हणाला, बघू. सून म्हणाली, बघू काय, नाही म्हणायचं. तो म्हणाला, आधी हे विमान जाऊ दे.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की पक्की नोकरी ती पक्की नोकरी. पण शिळेचंही मला पटलं होतं.

पेट्रोल भरलं. पंखाखाली पांढरा कागद पसरलाय.

१६ फेब्रुवारी

सकाळी कागदावर निळा थेंब.

चिरंजीव त्याच्याकडे बघत बसले. थेंब लहान होता, टिकलीएवढा. मी म्हटलं, एवढासाच आहे. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी कागदावर वाटीएवढं डबकं झालं होतं.

१७ फेब्रुवारी

पुन्हा सगळं रिकामं केलं. माझा हात घातला. लांबीला नख लावलं तर अख्खी पट्टी हातात आली, उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी. पत्र्याला चिकटलेलीच नव्हती. नुसती बसली होती, पाहुण्यासारखी.

चिरंजीवांनी ती पट्टी बोटांत धरून उजेडात उलटसुलट करून पाहिली. रात्री जेवताना विचारलं, "आई, काम करताना हाताला काही लावलं होतंस का?"

सून समोरच बसली होती. त्याच सकाळी तिने बाटली उजेडात धरून बघितली होती आणि नातीला फोनवर विचारलं होतं, सुट्टीत आली होतीस तेव्हा माझं तेल वापरलंस का? मी म्हटलं, मी काय लावणार या वयात.

तो म्हणाला, मग माझंच मिश्रण चुकलं. तराजू तरी चुकीचा, नाहीतर मी. सून म्हणाली, तुमचं कधी चुकलंय? तो म्हणाला, तिकडे चुकलं नव्हतं. तिकडे माझं काम तपासणारे होते.

मला वाटलं, एका लांबीसाठी एवढं काय. पुन्हा कालवायची.

२० फेब्रुवारी

डॉक्टर आले. चिरंजीवांनी त्यांना सांगितलं, चूक माझी आहे, मिश्रण बिघडलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मेस्त्री, मी पंख उतरवून घेऊन ट्रकने मोठ्या वर्कशॉपला पाठवतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लोक हे वाक्य नेहमी मनाला लागेल असंच बोलतात.

डॉक्टर गेल्यावर तो अवजारं पुसून पेटीत लावायला लागला. पाने, पक्कड, सगळं आकाराप्रमाणे. काम नसताना अवजारं लावणारा माणूस मला आवडत नाही. त्याचे वडील आजारपणात असंच करायचे.

सून माझ्याशी बोलत नाही. ती त्याच्याशीही बोलत नाही. घरात मी एकटीच बोलते, आणि ऐकायला हसणारी दाढ.

२३ फेब्रुवारी

माझी खरी दाढ ठणकत होती, म्हणून डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे जायची लाज वाटत होती, पण दुखणं डाव्या गालातून कानात गेलं. खुर्ची मागे पाडून त्यांनी दिवा तोंडात सोडला. सुई टोचली. मग दाढेभोवती कापसाच्या गुंडाळ्या कोंबल्या, गालात, जिभेखाली, जागा मिळेल तिथे. मी म्हटलं, एवढा कापूस कशाला. म्हणजे म्हणायला गेले, नुसता आवाज निघाला.

ते म्हणाले, "आजी, जीभ आवरा. ओल लागली तर हे चिकटत नाही. वरून छान बसल्यासारखं दिसतं, आणि चार दिवसांत टोपीसारखं निघून हातात येतं."

मी छताकडे बघत होते. छताला एक पंखा होता, तो बंद होता. दंडापर्यंत चोळलेलं तेल डोळ्यांसमोर आलं. त्याच हाताने चढवलेला मोजा. त्याच मोज्यात धरलेलं फडकं. मी आत पुसलं नव्हतं, माखलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर त्यांच्या मदतनीस बाईला म्हणाले, ट्रकवाल्याला उद्याची आठवण करून दे. आणि मी तोंडात कापूस घेऊन आडवी. आयुष्यात इतकं बोलले, गरज नव्हती तेव्हाही बोलले, आणि आता एक शब्द काढायची सोय नाही. मी डॉक्टरांचं मनगट धरलं. ते म्हणाले, दुखतंय का? मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी आणखी एक सुई दिली.

दाढ भरून कापूस काढला तेव्हा अर्धं तोंड माझं नव्हतं. तशाच तोंडाने सांगितलं. तेल, मोजा, फडकं, सुनेची बाटली, सगळं. लाळ गळत होती, डॉक्टर ती पुसत होते आणि ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मेस्त्रींना माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांगा. मला त्यांच्याकडून कळू दे. ट्रक थांबवतो."

२४ फेब्रुवारी

काल जेवताना सांगितलं. ओठ अजून सुन्न होता, भाजी सांडत होती. एका दमात बोलून टाकलं आणि पाणी प्यायले, तेही सांडलं.

आधी सून म्हणाली, "माझं बदामाचं?"

चिरंजीवांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, आई."

एवढंच. मी तयारी करून ठेवली होती, तो ओरडेल, मग मी म्हणेन माझा हात सोलला तेव्हा कुठे होतास, मग तो म्हणेल, मग मी. ती सगळी तयारी वाया गेली. तो म्हणाला, दुपारीच फोरमनला होकार दिला. एक तारखेपासून. आणि उठून शेडमध्ये गेला.

सून ताटं घेऊन मोरीत गेली. नळ सोडला आणि पाठमोरी उभी राहिली. मी जाऊन बघितलं तर ताटं कोरडी, नळ चालू. म्हटलं, पाणी वाहतंय. ती मागे न वळता म्हणाली, "म्हणजे त्यांचं मिश्रण बरोबर होतं."

जेवताना मी तेच तर सांगितलं.

आज सकाळी चिरंजीवांनी माझी बाही खांद्यापर्यंत दुमडली आणि थिनरने हात धुतला. स्वतः धुतला, माझ्यावर विश्वास नाही. करपलेलं भांडं घासावं तसा बोटांच्या बेचक्यातून, नखांच्या कडेने. कोपराच्या खपलीवर आला तेव्हा हळू केलं. आग झाली. मोजा त्याने चढवला, लहान मुलाला चढवतात तसा, एकेक बोट शोधून. मग आत पुसायला लावलं. एक फडकं, दुसरं फडकं, प्रत्येक वेळी बाहेर काढून हुंगायचा, मग टाकायचा. मी म्हटलं, आता चाटून बघ. तो किंचित हसला. नाही, हसला नसेल. उजेड तसा होता.

लांबी लावून झाली. आणि हात निघेना.

कोरडा हात, त्यात थिनरने कातडी आक्रसलेली. ओढला की पडदीची कड रुतायची. जोर लावला तर नवी लांबी पुसली जाणार. तेल चालणार नाही, साबण चालणार नाही. मी पाटावर, हात पंखात, विमान माझ्यासकट उभं. चिरंजीवांना घाम फुटला. सून बाहेर दारात उभी होती, ती आत आली. माझ्या पाठीशी बसून तिने माझा खांदा दोन्ही हातांनी धरला.

"आई," ती म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी सैल सोडा."

तिला ही संधी कधीपासून हवी होती. मी सोडला. हात आला. कोपर गेलं, पण हात आला.

२७ फेब्रुवारी

साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही. आता त्यावर कुणाचा भरवसा नाही. यावेळी हवा तापवायचा दिवा लावून शेड गरम ठेवली होती, लांबी नीट सुकावी म्हणून. पेट्रोल भरलं. कागद पसरला. चिरंजीव त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसलाय. जेवण तिथेच नेऊन दिलं. सून पण तिथेच बसून जेवली. मला बोलावलं नाही, मी गेले.

फोरमनने गणवेशाचं माप विचारलंय. चिरंजीव म्हणाला, पूर्वीचंच लिहा.

१ मार्च

कागद कोरडा. काल कोरडा, आजही कोरडा. तरी होकार तो होकार. चिरंजीवांनी फोरमनकडून एक दिवस मागून घेतलाय. म्हणाला, उडून खाली आल्यावर कोरडं असेल तर नोकरीचा पुन्हा विचार करीन. उडताना पंख वाकतो, सांधे ताणले जातात, खरी परीक्षा तिथे. आणि यांच्या धंद्यात एक रीत आहे, टाकी ज्याने बंद केली त्यानेच पहिल्या खेपेला बसायचं. कागदावर सही कुणीही करतं, बसताना खरं कळतं. मोठ्या वर्कशॉपमध्येही ती रीत मोडलेली नाही.

डॉक्टर आले, टोपी घालून. चिरंजीवांनी जाकीट चढवलं. मी विचारलं, टाकी बंद कुणी केली?

तो म्हणाला, आई, ही थट्टा नाही. मी म्हटलं, मी कधी थट्टा केलीय? रीत तू सांगितलीस. लांबी तू कालवलीस, लावली मी. तू आत बोट तरी घातलंस का? त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, रीत तुमचीच आहे मेस्त्री. सून घरात गेली. आतून माझी शाल आणली आणि माझ्या खांद्यावर टाकली. आता लोकर चालते म्हणे.

मी सांगितलं की तो जड आहे, डॉक्टर जड आहेत, विमान लहान आहे. हे खरंच आहे. आणि टाकीने दगा दिलाच तर सुनेला नवरा लागेल, नातीला बाप लागेल. माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय. पण ते बोलायचं कारण नव्हतं. वजनाचं पटण्यासारखं होतं.

चिरंजीवांनी माझा पट्टा बांधला. दोनदा ओढून पाहिला, मग पुन्हा. हात थंड होते. मी म्हटलं, जेवून घे, मी येते.

गेलो. मैदानाला गोल फेऱ्या मारल्या. डॉक्टर सगळा वेळ काहीतरी दाखवत होते, ते बघा, ते बघा. मग खाली आलो.

चिरंजीव धावत आला नाही. चालत आला, पांढरं फडकं घेऊन. पंखाखाली आडवा झाला आणि सांध्यावरून फडकं फिरवलं. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळी पुसल्या, झाकणाची कड पुसली. फडकं पांढरं. त्याने ते उलटं केलं आणि पुन्हा तीच जागा पुसली. मग पुन्हा. शेवटी सून म्हणाली, अहो, रंग निघेल. तेव्हा थांबला. तिथेच पाठीवर पडून राहिला, फडकं छातीवर ठेवून.

डॉक्टर म्हणाले, दुसरा पंखही तेवढाच जुना आहे, तोही इथेच करू, कधी घेता? खालून आवाज आला, आईला विचारा. मी म्हटलं, आधी कोपराची खपली पडू द्या.

संध्याकाळी त्याने फोरमनला फोन केला. मधलं दार लावून घेतलं होतं, पण घर पत्र्याचं आहे. नाही साहेब, येत नाही, असं म्हणाला. मग बराच वेळ फोरमनच बोलला असणार. फोन ठेवून बाहेर आला आणि सुनेला विचारलं, जेवायला काय आहे. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

जेवताना दोघं मला विचारत होते, वरून काय काय दिसलं. मला काय माहीत. मी डोळे मिटून, नुसतं नाक उघडं ठेवून बसले होते. पेट्रोलचा वास आला नाही. डॉक्टरांना मात्र लवंगेचा येतो.